उगवतीकडची टोपली

नको गं, टेबलावर नको मांडूस ते. फोटो राहू दे, फोटोंचं काही नाही — पण ती मातीची पिशवी, आणि त्या छोट्या पिशवीत जे आहे ना, ते — ते तेवढं तुझ्या सॅकमध्ये परत ठेव. हे येतील आता. काळाचौकीला गेलेत, आमच्या गावच्या मंडळाच्या खोलीवर, तुला दाखवायला किल्ल्याची फाईल आणतो म्हणाले. दोन लिफ्टपैकी एक बंद आहे, खाली रांग असते, म्हणजे सतराव्या मजल्यापर्यंत यायला अर्धा तास धर. तेवढा वेळ आहे आपल्याला. बस. चहा घे. मला नको — हो, सोमवार आहे माझा, पण चहा चालतो सोमवारला, तसं नाही, आज नकोच वाटतोय. बशीत सांडला का गं चहा? असू दे. उपासाने होतं दुपारपर्यंत. हल्ली जरा लवकरच दमायला होतं. अनुजा ना गं नाव तुझं? बरं अनुजा, मला आता एकच नीट सांग — ही माती तू डोंगरावर नेमकी कुठून काढलीस?

वरच्या बांधातून. दीड हात खाली. उगवतीच्या अंगाला, करवंदीची जाळी आहे तिच्या डावीकडे. हो ना? — मला कसं ठाऊक? थांब, एकदम नको विचारूस. सांगते, पण माझ्या चालीने सांगू दे. मघाशी तू ती छोटी पिशवी उघडून माझ्या हातावर ठेवलीस, म्हणालीस, काकू, हे बघा काय सापडलं, चांदीचं आहे, तीनशे वर्षांपूर्वीचं असेल कदाचित — तेव्हा मी आत जाऊन गॅस बारीक केला. गॅस पेटलेलाच नव्हता. तेव्हा काय ते समज. तू तीन वर्षं उन्हातान्हात त्या डोंगरावर घालवलीस, दोऱ्या बांधून, ब्रशाने माती झाडून, आणि तुझं तोंड मला उतरलेलं बघायचं नाहीये. पण तिथं माझी टोपली आहे, बाय. तुझा खड्डा बरोबर माझ्या टोपलीवर पडलाय. आणि ती टोपली आपणहून खाली आणायची नसते, तिची वेळ यावी लागते. आता ती खाली आलीय. म्हणजे चांगलं झालं की वाईट, हे मला सांगणारं जिवंत माणूस कोणी राहिलेलं नाही. म्हणून चहा सांडला. उपासाचं मी उगीच म्हटलं.

आमचं आंबेखोल तू बघितलंस. खाली नारळी, मधे भात, आणि वर चढून गेलं की सडा. आता सडा म्हणजे नुसता जांभा, मैलभर उघडा खडक. वैशाखात पाय भाजतात. मुठीत घ्यायला माती नाही तिथं. आणि त्याच्यावर हे मातीचे तीन वेढे, एकात एक, वरचा माणसाच्या छातीएवढा. कोणाला नवल वाटणार नाही? आमच्या वाडीतली म्हातारी माणसं म्हणायची पांडवांनी बांधलं, बांधता बांधता कोंबडा आरवला म्हणून राहिलं अर्धं. शाळेचे गुरुजी होते ते म्हणायचे, गुरं कोंडायचा वाडा. एक साहेब आले होते जीपमधून, त्यांना वाटलं समुद्रावरून येणाऱ्या चोरांवर नजर ठेवायची जागा. आणि आमच्या ह्यांचं तर ठरलेलंच — किल्ला! आंबेगड! तुला दाखवले असतील टी-शर्ट? दाखवतील, आल्यावर दाखवतील. भगव्या रंगाचे, पाठीवर गडाचं चित्र, चार बुरूज आणि दरवाजा. छापणाऱ्याने जागा बघितलेली नाही, त्याने आपला कुठला तरी किल्ला काढलाय. आमच्या डोंगरावर बुरूज कसला, उभा दगडावर दगड नाही. मी एकदा म्हटलं तसं, तर म्हणाले, पडले असतील. चारही पडले? चारही पडले.

हसू नकोस गं त्यांना. मी हसते, ते वेगळं. त्यांचं असं आहे बघ — बाविसाव्या वर्षी गिरणीत लागले, पंचविशीत गिरणी गेली. मग इथं वॉचमन, तिथं शिपाई, एका पेढीत चहा देत होते ते माझ्यापासून चार वर्षं लपवलं. चाळ होती आमची, तीही पाडली, म्हणून हा टॉवर. आता खिडकीतून बघ, ते धुराडं दिसतंय ना एकटंच, त्याच्या खालची सगळी गिरणी मॉल झाली. माणसाला वाटतं, काहीतरी आपलं म्हणून दाखवता यावं. कुणी विचारलं, कुठले तुम्ही, तर म्हणता यावं, आमच्या गावाला गड आहे. तुझं पत्र आलं ना कॉलेजचं, तर तीन दिवस खिशात घेऊन फिरले. आता तू लिहिशील त्यात किल्ला आहे का नाही ते त्यांना तुझ्या तोंडून ऐकायचंय. आणि मला — मला तू काय लिहिशील याची भीती वाटतेय. दोन्ही बाजूंनी वाटतेय. लिहिलंस तरी आणि नाही लिहिलंस तरी.

तो फोटो दे इकडे. हा, बांध उभा कापलाय तो. बघ, आता मला चष्म्याशिवायही दिसतंय. लाल, त्याच्या शेजारी पिवळट, वर राखाडी, पुन्हा लाल — ठिगळं ठिगळं, जुन्या लुगड्यांची गोधडी असते तशी. तुमचे सर काय म्हणाले? भर वेगवेगळ्या वेळी पडली. पडली नाही गं. टाकली. ही अशी वीत लाव फोटोवर — म्हणजे खऱ्या बांधावर लावशील तर प्रत्येक ठिगळ एवढंच भरेल, शेण काढायची टोपली असते ना, तिच्या तोंडाएवढं. ही पिवळी वरच्या वाडीची माती, तिथं विहीर खणली की अशीच लागते. ही राखट कुंभारांच्या अंगणातली. ही लालभडक आमच्या वाडीतली. तुला वाटलं असेल, मोठी फौज लागली असेल एवढी माती सड्यावर चढवायला. फौज नाही बाय. बायका. एकेकटी, पहाटेची, अनवाणी. डोक्यावर टोपली आणि तोंडात शब्द नाही.

सांगते. मी एकोणीस वर्षांची, लग्न होऊन आठ दिवस झालेले, आणि हे मुंबईला परत निघून गेले, गिरणीची रजा संपली. नवव्या दिवशी सासूबाईंनी उठवलं मला अंधार असताना. रखमाबाई नाव त्यांचं, सहा फूट बाई, बोलायच्या कमी. अंगणातली माती त्यांनीच खणून ठेवली होती, तुळशीच्या आणि उंबऱ्याच्या मधली, जिथून हे चालत गेले तिथली. टोपली माझ्या डोक्यावर दिली आणि म्हणाल्या, चल. वर नेली मला. वरच्या बांधावर उगवतीकडे ओतायला लावली, हाताने दाबायला लावली. आणि म्हणाल्या, “आता मागे वळान बघू नको हां. आणि घोवाक सांगू नको. सांगलंस तर त्येचो पाय जड होतलो.” म्हणजे काय, तर बाई आपली वाट बघतेय हे पुरुषाला कळलं की त्याचं पाऊल अडखळतं, तिकडेही धड राहत नाही आणि इकडेही येत नाही. म्हणून पुरुषांना सांगायचं नाही. माणूस पोटासाठी गाव सोडून गेला की त्याच्या नावाची एक टोपली वर. तो कायमचा घरी आला की तीच टोपली त्याच बाईने खाली आणायची, पुन्हा अंगणात पसरायची. नाही आला तर ती तिथंच. — कळलं ना तुला आता? किती उंच आहे म्हणालीस बांध, साडेचार फूट? ती सगळी न आलेली माणसं आहेत गं. कोणी गिरणीत गेलं, कोणी बोटीवर, कोणी इथंच खोली करून राहिलं आणि बायकापोरांना घेऊन आलं. माझ्या सासऱ्यांची आहे, लवू म्हणायचे त्यांना. परळच्या गिरणीत होते, इथंच वारले. सासूबाई शेवटपर्यंत त्या बांधाकडे पाठ करून बसायच्या ओटीवर, तेव्हा मला वाटायचं उन्हासाठी.

माझी? माझी ह्यांच्या नावाची तीही तिथंच आहे. पुढच्या वर्षी संप झाला ना, तेव्हा हे गावी येऊन राहिले होते सात-आठ महिने. मी सासूबाईंना विचारलं, आणू का खाली? तर म्हणतात, “थांब. तो इलेलो नाय, तो नुसतो बसलेलो आसा.” म्हणजे आलेला नाही, नुसता बसून आहे. आणि खरंच, गेले परत. मग मीही आले मागून. तेव्हा जरा विचार कर तू, बाबुरावांनी — बघ, नाव घेतलं मी त्यांचं, उपासाच्या दिवशी — एवढी वर्षं ज्याला किल्ला किल्ला म्हणून घसा कोरडा केला, त्यात त्यांच्या आईची टोपली आहे त्यांच्या बापासाठी. आणि बायकोची आहे त्यांच्यासाठी. आणि त्यांना ठाऊक नाही. आणि सांगायचं नाही!

पहिली टोपली कोणाची, ते मात्र मला विचारू नकोस. मी सासूबाईंना विचारलं होतं. म्हणाल्या, माझ्या सासूक विचार. ती तर कधीच गेलेली. आणि खालचे दोन वेढे आहेत ना, त्यांच्यावर आम्ही कोणी कधी टोपली टाकली नाही, तिथली माती दगडासारखी झालीय, कुदळ वाजते. ते कोणी केलं, गुरांसाठी केलं का देवासाठी, का खरंच पांडवांनी — ते तुझं काम. ते शोध की! तुझी तीन वर्षं कुठं फुकट गेली? मी फक्त वरचं सांगू शकते. खाली अंधारच आहे सगळा. पण कधी कधी वाटतं, तिथंही अशाच कोणी असतील. कोणी वर गेलं असेल तर काही कारणाने गेलं असेल ना? उगीच कोण चढतं एवढं?

आता ते दुसरं. काढ ती छोटी पिशवी. काढ, आहे वेळ अजून, लिफ्टचा आवाज येतो मला, मी ओळखते. ठेव इथं. तीनशे वर्षं म्हणालीस ना तू? छत्तीस. गिरगावच्या सोनाराकडून आणलेला आहे, बाळाचा वाळा. हा इथं चपटा झालाय बघितलंस? तुला वाटलं मातीचं वजन पडून झाला असेल. दात आहेत ते. दात येत होते त्याला, पायातला काढून तोंडात धरून चावायचा, ओरडले तरी सोडायचा नाही. थांब, देवघराच्या खणात — हा. हा दुसरा. लाव शेजारी. आहे की नाही जोडी? हा चावलेला नाही, तो एकच चावायचा, उजव्या पायातला. हेमचंद्र नाव त्याचं. आत्याने ठेवलं पाळण्यात, चाळीत सगळे हसले, दहा बाय बाराच्या खोलीत हेमचंद्र! आम्ही हेमू म्हणायचो.

त्याला मी सांगितलं होतं. नियम मोडला मीच. पुरुषांना सांगायचं नाही, पण तो कुठं पुरुष होता, सहा वर्षांचा होता. ताप आलेला, झोपेना, गोष्ट सांग म्हणाला. माझ्याजवळच्या सगळ्या व्रतांच्या कहाण्या सांगून संपल्या होत्या, शुक्रवारची, सोमवारची, सगळ्या पाठ त्याला. मग ही सांगितली. सड्यावरच्या टोपल्यांची. तो विचारायचा, माझी पण टाकशील? मी म्हणायची, तू कशाला जातोस कुठं. — आणि मुलाने ती जपली बघ. कोणाला बोलला नाही, वीस वर्षं. शिकला, कंपनीत लागला, तरी बोलला नाही. आणि बोलला तो कुठं, तर मंडळाच्या वार्षिक सभेत. शाळेचा हॉल घेतला होता परळला, दोनशे माणसं. ह्यांनी ठराव मांडला, सड्यावर किल्ल्याचं नाव लिहून फलक लावायचा, झेंडा लावायचा, वर जायला सिमेंटचा रस्ता करायचा, बांध मधेच फोडून. आणि हा उठला. म्हणाला, बाबा, तो किल्ला नाहीये. फोडू नका. ती बायकांनी आणलेली माती आहे, एक टोपली म्हणजे मुंबईला आलेला एक माणूस. फलक लावायचा तर तसा लावा. आईने सांगितलंय मला.

मागून कोणीतरी म्हणालं, म्हणजे आमचा गड काय बायकांनी बांधला काय रे, शेण्या थापता थापता? आणि सगळा हॉल हसला. दोनशे माणसं. हे स्टेजवर उभे, हातात ठरावाचा कागद. घामाने निथळले होते. आणि त्यांनी मला विचारलं, समोर बसलेली होते मी, बायकांच्या रांगेत, चारचौघांत नावाने कधी हाक मारत नाहीत, तर म्हणाले — कांता, तू सांगितलंस हे ह्याला?

माझ्या शेजारी आमच्या वाडीतली सीमा होती, पलीकडे जाऊबाई. निम्म्या बायकांना ठाऊक होतं गं. त्यांच्याही टोपल्या होत्या. सगळ्या मांडीवरच्या पदराकडे बघत होत्या. मला सासूबाई दिसल्या, सहा फूट, उभ्या. मला ह्यांच्या हातातला तो कागद दिसला. आणि मी म्हटलं, नाही. इश्श, मी कशाला असलं काही सांगेन, म्हटलं.

इश्श म्हटलं मी. अजून तो शब्द तोंडातून जात नाही. ह्यांनी खाली उतरून त्याच्या मुस्काटात मारली, पंचविशीच्या मुलाच्या, म्हणाले, खोटं बोलतोस, आईच्या नावावर खोटं बोलतोस. आणि तो ह्यांच्याकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. मी बोलेन म्हणून वाट बघत होता. बघितली त्याने वाट, चांगला वेळ बघितली. मग बसला खाली. घरी आल्यावर एवढंच म्हणाला, भूक नाही मला. सकाळी उठले तर अंथरुणाची घडी घातलेली होती. कधी घालायचा नाही तो घडी.

अकरा वर्षं झाली. रस्ता झाला नाही, तेवढं एक झालं, पैसे जमले नाहीत. पण तो नाही आला. मग मी काय करणार? जे येतं ते केलं. सोमवार धरले. मंगळवारी इथून प्रभादेवीपर्यंत अनवाणी जाते सिद्धिविनायकाला, डांबर तापलं की पदपथाच्या कडेने. त्याला आवडायचं ते काही खात नाही, सोलकढी नाही, खाजं नाही, ह्यांना वाटतं मला ॲसिडिटी आहे. आणि टोपली. सगळ्यांत आधी टोपली केली. आता माती कुठली घ्यायची? तो ज्या दारातून गेला तिथली हवी, आणि आमचं दार चाळीचं, तिसरा मजला. अंगण नाही, उंबरा महापालिकेच्या फरशीचा. गॅलरीत तुळस होती डालड्याच्या डब्यात. चाळ पाडायची नोटीस लागलेली होतीच. त्या डब्यातली माती काढली, खालून विटेचा चुरा लागला तोही घेतला. तुझ्या त्या सरांना काळ्या मातीत विटेचे कण कसे म्हणून कोडं पडलंय ना? सांग त्यांना, लालबागच्या चाळीची वीट आहे. एसटीत मांडीवर धरून नेली रात्रभर. ह्यांना सांगितलं, भाचीच्या डोहाळजेवणाला जाते. तिथं सासूबाईंची टोपली शोधली माळ्यावरून आणि गेले चढून. पन्नाशी उलटलेली होती माझी, तीनदा बसले वाटेत. टोपली खाली ठेवायची नसते, मांडीवरच घेऊन बसले. आणि वर गेल्यावर वाटलं, ही मुंबईची माती, डब्यातली, डोंगराला ओळखेल का? म्हणून दीड हात उकरलं आणि वाळा घातला आत. म्हणजे कोणाची ते कळावं.

आणि खाली येताना मी वळून बघितलं.

हो. बघायचं नसतं. बघितलं. त्या जाळीपाशी पोचले आणि वाटलं, कोणीतरी बघतंय पाठीमागून, हॉलमध्ये बघत होता तसं. वळले. कोणी नव्हतं. तेव्हापासून मला वाटत आलंय की म्हणूनच तो येत नाही. बाकी सगळं नीट केलं मी, तेवढंच चुकलं. — नाही गं, मला माहितीये. मला माहितीये वळून बघण्याने काही होत नाही. चुकलं ते हॉलमध्ये चुकलं. पण त्याला काही उपास नाही ना. वळून बघितलं त्याला प्रायश्चित्त तरी आहे.

तू आणलीस कशी ती माती खाली? डोक्यावर नाही म्हणा, सॅकमध्ये. चप्पल होती पायात? बूट. असू दे. वाटेत बोलत होतीस कोणाशी? फोनवर! असू दे बाय, असू दे. वळून बघितलंस का? आठवत नाही. पण बाईच आहेस ना, बाईनेच आणली. आणि माझ्या दारात आणून ठेवलीस, इतक्या घरांच्या मुंबईत, आणि तुला ठाऊकही नव्हतं कोणाची ते. मी मघापासून हाच विचार करतेय. नियम असा आहे की माणूस येतो, मग माती खाली येते. आधी माती खाली आली असं कधी झालेलं मी ऐकलं नाही. मग आता मागून माणूस येतो का? नसेल ठाऊक तुला. तुम्ही लोक खालून वर मोजता, नाही का, जुनं खाली, नवं वर. मला वाटतं तसं काही असेलही. मी वाट बघू शकते, मला सवय आहे.

बडोद्याला असतो तो. मेघना आहे ना माझी भाची, तिने सांगितलं. लग्न केलंय, तीन वर्षांची मुलगी आहे. नंबर दिलाय तिने, माझ्या सोमवारच्या पोथीत शेवटच्या पानावर लिहून ठेवलाय, कहाणी संपली की दिसतो दर आठवड्याला. लावला नाही कधी. काय बोलणार पहिलं? कसा आहेस म्हणू? त्याने हॉलमध्ये माझ्याकडे जे मागितलं ते मी अजून दिलेलंच नाही. आणि ह्यांच्याबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस. नाव काढत नाहीत त्याचं, पण मंडळाची सभासद यादी दरवर्षी हाताने लिहितात नव्याने, आणि त्यात हेमचंद्र बाबुराव आहे. अकरा वर्षं आहे. मी बघते चोरून.

तू लिहिणार आहेस ना पुस्तकात, माहिती कोणी दिली ते? माझं नाव नंतर घाल. आधी त्याचं घाल. लिही, हे पहिल्यांदा हेमचंद्रने सांगितलं, अकरा वर्षांपूर्वी, दोनशे माणसांसमोर, आणि ते खरं होतं. त्याच्या आईने — हे लिहितात का असल्या पुस्तकांत? नसतील लिहीत. बरं, नुसतं खरं होतं एवढं लिही.

ऐक. लिफ्ट. सतरावरच थांबली. ते पाय घासत येतात बघ, फाईल काखेत असेल, खुशीत असतील. घे, घे लवकर, पिशवी भर, वाळा दे तो माझा, खणात ठेवते, आणि तू म्हण की फोटो बघत होतो, किल्ल्याबद्दल नंतर कळवते म्हण, पत्राने —

थांब.

थांब गं अनुजा. नको भरूस. ठेव ती टेबलावर, मधोमध ठेव. तोंड उघडं राहू दे पिशवीचं. हे दोन्ही वाळे असेच राहू देत, शेजारी शेजारी. पोथी कुठं गेली — ती दे, तीही असू दे इथं. नाही, तू काही बोलायचं नाहीस, तुला काही विचारलं तर माझ्याकडे बघ. किल्ली असते खिशात आणि तरी बेल वाजवतात बघ.

आले हो! — तू बस. दार मी उघडते.